हो जी, पाटील

“हा बोलत काऊन नाही?”

गोपीचंद पाटलांनी संगणकाच्या पडद्यावर बोटानं टकटक केलं. पडद्यावर बाणाची तीन टोकं आणि त्यांच्यापुढं लुकलुकणारी एक रेघ होती, बाकी सगळा काळोख. मागं उभ्या असलेल्या खुमेंद्रनं घसा साफ केला.

“काम झालं जी, पाटील. म्हणूनच बोलला नाही.”

“काम झालं तं सांगाले नको?”

“नाही सांगत. सांगितलेलं करते अन् पुढची ओळ देते. काही चुकलं असतं तं बोंबलला असता.”

“म्हणजे चुकलं तंच तोंड उघडते, अन् बरोबर केलं तं मुका?” पाटलांनी मान वळवून खुमेंद्रकडं पाहिलं. “तुयासारखाच आहे मंग.”

पाटील पिपरटोल्याच्या पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष. चोरखमाऱ्याच्या तलावातून निघालेल्या कालव्याचा एक फाटा या गावाकडं येतो आणि त्याचं पाणी कुणाच्या बांधीत किती घंटे सोडायचं ते संस्था ठरवते. धानाच्या शेताला इकडं बांधी म्हणतात. पाटलांच्या बांध्या फाट्याच्या तोंडाशी होत्या आणि खुमेंद्रच्या बापाची, रूपलालची, एकुलती एक बांधी पार शेपटाला. पाणी तोंडाशीच संपायचं. हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं, फक्त संस्थेच्या सभेत ते कधी कुणाला आठवत नसे.

दसरा होऊन गेला होता आणि पाऊस त्याच्याही आधी गेला होता. रूपलालचा भारी, म्हणजे उशिरा येणारा, धान निसवायला लागला होता. लोंबी बाहेर पडताना मुळाशी पाणी नसेल तर दाणा भरत नाही, पोचट फोलपटं तेवढी हाती लागतात. शेवटचं एक पाणी हवं होतं, बस. त्या एका पाण्यासाठी खुमेंद्र संस्थेच्या खुर्चीत बसत होता. पोरगा गोंदियात शिकला, तिथंच कुडव्याला खोली करून राहिला, संगणकाची एक भाषा शिकून गावी परतला. संस्थेला कुठल्याशा योजनेत मिळालेला संगणक प्लास्टिकच्या पिशवीतच होता, तो त्यानं बाहेर काढला. पाण्याच्या पाळीचा हिशेब माणसाऐवजी यंत्रानं केला तर पाणी शेपटापर्यंत पोचेल, असं त्याला मनापासून वाटलं होतं. वयच तसं होतं त्याचं.

त्याची आई गोमती रोज भाकर वाढताना एकच बोलायची. “बापाच्या बांधीले पाणी आण, मंग सांग मले कॉम्प्युटर.”

त्यानं सोय साधी केली होती. प्रत्येकाचे घंटे त्याच्या नावानं संगणकात ठेवलेले. एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं. संध्याकाळी त्यातूनच पाळीचा कागद छापून निघायचा आणि तो घेऊन कालव्याचा चौकीदार छोटेलाल दारं उघडायचा नि बंद करायचा. पाटलांची अट फक्त एक होती, की घंटे वाढवायचे असले तर हुकूम ते स्वतः लिहिणार. एका बोटानं लिहायचे, पण स्वतः लिहायचे.

गोची पहिल्याच पाळीला झाली होती. शेपटाकडचे लोक गाऱ्हाणं घेऊन आले, सगळ्यांत पुढं रूपलाल. पाटलांनी भर कचेरीत बोट उचललं आणि लिहिलं, रूपलाल अधिक चार. एंटर दाबताच पडद्यावर टचकन सहाचा आकडा आला.

“पाहा रूपलाल! दोनचे सहा झाले तुये!”

“लय उपकार जी, पाटील,” म्हणत रूपलालनं पडद्याला हात जोडले. मग पाळी आली, पाळी गेली, आणि रूपलालच्या बांधीत पूर्वीचे दोनच घंटे, तेही वाटेत झिरपून बोटभर पाणी आलं.

“ते तुम्ही नुसतं विचारलं होतं जी,” खुमेंद्रनं पाटलांना समजावलं. “रूपलालच्या घंट्यात चार मिळवले तं किती होतील, असं. त्यानं सांगितलं सहा. ठेवले कुठं त्यानं?”

“बोलला ना पण तो!”

“बोलला. केलं काही नाही. याले एक्स्प्रेशन म्हणतात. अन् मधात बरोबरची खूण टाकून लिहिलं, का रूपलाल बरोबर रूपलाल अधिक चार, तं ते स्टेटमेंट. ते करते, पण बोलत नाही.”

पाटील विचारात पडले. बोलायचं आणि करायचं काही नाही, हा प्रकार त्यांच्या चांगला परिचयाचा होता. त्यावर त्यांनी तीन निवडणुका काढल्या होत्या. करायचं आणि बोलायचं नाही, हे मात्र त्यांना अजिबात पटेना.

आज त्यांनी बरोबरची खूण टाकून ती ओळ लिहिली होती, आणि यंत्र गप्प होतं.

“मी नाही मानत,” पाटील म्हणाले. “त्यानं हो म्हटलं नाही. काढ ते चार.”

“पण वाढले ना जी पाटील! नुसतं रूपलाल लिहून एंटर मारा, सांगते तो सहा.”

“हुकूम देऊन वरतून मीच विचारत बसू? काढ म्हटलं ना.”

खुमेंद्रनं दात आवळून ते चार घंटे काढले. संगणक त्यालाही काही बोलला नाही.

यात पाटलांचा अगदीच दोष होता असं नाही. पिपरटोल्यात हुकमाला ‘हो जी’ लागतं. मालकानं सालगड्याला बैल सोडायला सांगितलं की गडी आधी ‘हो जी’ म्हणतो, मग जागचा हलतो. कधी हलतही नाही, पण ‘हो जी’ चुकवत नाही. अंगणात कुणी कहाणी सांगत असला तरी ऐकणाऱ्यांपैकी एकाला ‘हूं, हूं’ करत बसावं लागतं आणि हुंकार थांबला की सांगणाराही थांबतो. एकदा ‘हो जी’ आलं की मागोमाग जाऊन काम तपासणं म्हणजे गड्यावर इतबार नसणं, आणि ते भल्या घरच्या मालकाला शोभत नाही. ‘हो जी’ न म्हणता कामाला लागणारा माणूस एकतर बहिरा असतो नाहीतर मिजासखोर. पाटलांच्या लेखी खुमेंद्र या दोहोंतल्या दुसऱ्या जातीचा होता.

उलट त्यांचा भाचा हिमांशु. त्यानंही गोंदियात संगणकाच्या वर्गाला नाव घातलं होतं, वर्गात मात्र तो फारसा कुणाला दिसला नाही. आता मोटारसायकल, काळा चष्मा आणि मामाचं घर यांत त्याचा दिवस जायचा. काहीही सांगा, “हो जी मामाजी, हो जाएगा,” हे उत्तर ठरलेलं. पुढं ते होत नसे, पण तोवर पाटलांनी दुसरं काही सांगितलेलं असायचं.

दोन दिवसांनी प्रिंटरची रिबिन अगदी पुसट झाली म्हणून खुमेंद्र सायकल काढून तिरोड्याला गेला. त्याच दिवशी पाटलांना आठवलं, की फाट्याच्या तोंडाशी असलेल्या आपल्या भारी धानाच्या बांधीला अजून दोन घंटे पाणी दिलेलं बरं. गरज होती असं नाही, पण पाणी समोरून वाहत जाताना पाहून त्यांना चैन पडत नसे. ते कचेरीत आले. हिमांशु मागं उभा राहिला.

पाटलांनी लिहिलं, गोपीचंद बरोबर गोपीचंद अधिक दोन. एंटर दाबलं. तीन बाण, लुकलुकती रेघ.

“काऊन रे?” त्यांनी पुन्हा तेच लिहिलं. पुन्हा तेच. “मी अध्यक्ष आहो का नाही?”

“हो जी मामाजी.”

“तुले नाही, त्याले विचारून राहिलो!”

हिमांशुनं वाकून पाहिलं आणि तज्ज्ञाच्या थाटात सांगितलं, “मामाजी, हर बार लिखना नहीं पडता. वरच्या बाणाची बटन दाबा, तीच ओळ परत येते. मंग एंटर.”

हिमांशुला संगणकातलं जेवढं येत होतं, तेवढं नेमकं आज कामाला आलं. पाटलांनी वरचा बाण दाबला, एंटर दाबलं. बाण, एंटर. बाण, एंटर. आधी सभ्यपणे, मग रागानं, मग एखाद्या ऐकत नसलेल्या गड्याला खडसावावं तसं प्रत्येक एंटरला “सांगतो ना तुले!” म्हणत. चहा आला, गार झाला. पाटलांच्या कपाळावर घाम आला तरी यंत्राला पाझर फुटेना. शेवटी मामाची ही दशा हिमांशुला पाहवली नाही. खुर्चीमागून तोच खच्चून ओरडला, “हो जी, पाटील!”

पाटलांचा हात थांबला. “हां,” ते खुर्चीला टेकून म्हणाले, “असं. छाप आता कागद.”

“हो जी मामाजी,” म्हणत हिमांशुनं कागद छापला आणि न वाचता छोटेलालच्या हातात दिला.

सकाळी जमुनाबाई पाटलीणबाईंच्या आवाजानं गाव जागं झालं. रात्रभर फाट्याचं सगळं पाणी पाटलांच्या एकाच बांधीत उतरलं होतं. बांधी भरली, कडेचा धुरा फुटला आणि पाणी शेजारच्या बांधीत घुसलं. तीही पाटलांचीच. तिथं लवकर येणारा हलका धान कापून वाळायला घातला होता. त्याच्या कडपा आता पाण्यावर तरंगत होत्या, आणि पाटील धोतर खोचून एक एक पेंढी पकडत होते.

“छोटेलाल! अक्कल आहे का तुले?”

“कागदावर पूरी पाळी तुमच्याच नावानं होती जी,” छोटेलाल बांधावरून म्हणाला. “मी समजलो, पाटलाचा कागद, पाटलाची बांधी. मी कायले विचारू?”

“दुसऱ्याच्या घराचं पाणी प्याले गेले, तं आपलंच घर वाहून गेलं,” जमुनाबाई म्हणाल्या. “अजून द्या हुकूम! दाबा अजून बटना!”

खुमेंद्र धावत कचेरीत गेला. पाटील चिखलाच्या पायांनी मागोमाग आले, हिमांशु चष्मा लावून आला. खुमेंद्रनं नुसतं गोपीचंद लिहिलं आणि एंटर दाबलं. आकडा आला. अख्ख्या पाळीत जेवढे घंटे नव्हते, तेवढे एकट्या पाटलांच्या नावावर चढले होते.

“आता बोलला!” पाटील ओरडले. “काल कायले बोंब मारली नाही यानं?”

“काल तुम्ही विचारलं नाही जी. काल तुम्ही सांगितलं. जितक्या डाव सांगितलं, तितक्या डाव त्यानं केलं.”

“अन् गप्प बसला.”

“गप्प बसला, पण काम—”

“ऐकलं का?” पाटील जमलेल्या लोकांकडं वळले. “याच्या हातचं यंत्र आहे ना, याच्यावरच गेलं. तोंडात मूग. मालकाचं घर बुडून राहिलं अन् हा हूं नाही का चूं नाही!”

लोकांनी माना डोलावल्या. गर्दीत रूपलालही होता. त्यानंही मान डोलावली, कारण पाटलांसमोर मान आपोआप डोलते. खुमेंद्रला ते दिसलं आणि फार लागलं. आपली चूक कुठं झाली हे तो मनातल्या मनात शोधत राहिला, आणि ती सापडली नाही म्हणून त्याला आणखीच वाईट वाटलं.

त्या दिवसापासून खुर्ची हिमांशुला मिळाली आणि खुमेंद्रला छोटेलालबरोबर कालव्यावर फिरायचं काम. हिमांशुनं गोंदियाचा कोणी मित्र बोलावून संगणक ‘सुधरवून’ घेतला. आता काहीही लिहा आणि एंटर दाबा, पडदाभर मोठ्या अक्षरांत उमटायचं, ‘हो जी, पाटील’, आणि पाठोपाठ टुंग असा आवाज. खुमेंद्रच्या जुन्या ओळी आत खाली तशाच पडून होत्या, पण पाटलांचा हुकूम त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. तो वरच्यावर ‘हो जी’ घेऊन परत यायचा.

पाटलांनी लगेच सभा लावली. धान पार निसवला होता, शेपटाच्या बांध्यांत भेगा पडायला लागल्या होत्या, लोक चिडलेले होते. संगणक टेबलासकट अंगणात आणला. पाटील खुर्चीत बसले आणि मोठ्यानं वाचत एका बोटानं लिहू लागले.

“शेपटाले... पूरं... पाणी.” एंटर.

टुंग! ‘हो जी, पाटील.’

जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो पिपरटोल्यानं कुठल्या पुढाऱ्यालाही दिला नव्हता. रूपलाल उभा राहून टाळ्या वाजवत होता, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. बांधीत नव्हतं तेवढं सगळं तिथं आलं होतं. खुमेंद्र भिंतीला टेकून उभा होता.

“टाळी काऊन नाही वाजवत बे?” बापानं विचारलं. “जळते का कोणाचं चांगलं झालं तं?”

खुमेंद्रच्या तोंडापर्यंत सगळं आलं होतं, की बाबा, हे नुसतं बोलते, याच्या पोटात अजून तुमचे दोनच घंटे आहेत. पण बापाच्या तोंडावरचा तो आनंद त्यानं पाहिला, आणि समजावून सांगण्याचा आपला अनुभव त्याला आठवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिमांशुनं त्याला कचेरीपाशी हटकलं. मोटारसायकल चालूच होती.

“खुमेंद्रभाऊ, पाळीचा कागद तेवढा छापून दे ना यार. मामाजीले हो म्हटलं, अन् मी प्रतापगडले जाऊन राहिलो दोस्तांसंगं. हो जाएगा ना?”

उत्तराची वाट न पाहता तो गेला. कचेरीत कोणी नव्हतं. खुमेंद्रनं ‘हो जी’चा पडदा बंद केला. खालून तीन बाण आणि ती लुकलुकती रेघ वर आली. त्यानं पाटलांच्या नावावर चढलेला घंट्यांचा तो डोंगर उतरवला आणि पाळीत बसतील तेवढे घंटे शेपटाकडच्या एकेका नावावर वाटून टाकले. प्रत्येक ओळीनंतर एंटर दाबलं आणि प्रत्येक वेळी संगणक गप्प राहिला. खुमेंद्रनंही त्याला उलटून काही विचारलं नाही. कागद छापला, कचेरीचा शिक्का मारला आणि नेऊन छोटेलालला दिला.

छोटेलालनं कागद पाहिला, खुमेंद्रकडं पाहिलं. “पाटलाले माहीत आहे का?”

खुमेंद्रनं सभा झाली त्या अंगणाकडं बोट दाखवलं.

“हां, खरंच तं,” छोटेलाल म्हणाला. “साऱ्या गावासमोर हुकूम झाला ना.” आणि तो दारं उघडायला गेला. खुमेंद्र फावडं घेऊन फाट्यानं शेपटापर्यंत चालत गेला, वाटेतली फुटलेली तोंडं बुजवत.

पाणी आलं. रूपलालच्या बांधीत घोट्याच्या वर आलं, भेगा बुजल्या, लोंब्या भरल्या. पाटलांनाही फाट्याला पाणी वाहताना दिसलं, पण आपल्या हुकमानं चाललंय म्हटल्यावर त्यांनी ते वाहू दिलं. भर गावानं टाळ्या वाजवलेला हुकूम मागं घेता येत नाही. पुढच्या सभेत हिमांशुला शाल आणि नारळ मिळाला. “बोलकं यंत्र बसवलं पोरानं,” पाटील म्हणाले, “म्हणून शेपटाले पाणी पोचलं.” हिमांशु म्हणाला, “हो जी.”

धान कापून, मळून घरी आला. गोमतीनं नव्या धानाचे पोहे कुटून आणले. सगळं घर त्या वासानं भरलं. रूपलालनं पहिली ओंजळ देवापुढं ठेवली आणि दुसरी पिशवीत भरायला घेतली.

“हे हिमांशुबाबूकडं देऊन ये,” तो खुमेंद्रला म्हणाला. “त्याच्या हातानं पाणी आलं. देवमाणूस आहे. विचारलं तं कसा पटकन हो म्हणते! अन् तू? इतके दिवस त्या खुर्चीत बसला, एक दिवस तरी बापासाठी तोंड उघडलं का?”

“राहू द्या ना,” गोमती म्हणाली. “त्याचा सुभावच तसा. नाही जमत एखाद्याले.”

“नाही जमत कायले? शिकलेला आहे ना? त्याच्यापाशी बस जरासा, शीक काही. समजलं का?”

खुमेंद्रनं पिशवीचं तोंड घट्ट बांधलं.

“मी तुले बोलून राहिलो. जातो का नाही?”

खुमेंद्रनं पिशवी सायकलच्या दांड्याला अडकवली, टायर दाबून पाहिला, सायकल उंबऱ्यावरून उचलून बाहेर घेतली आणि पाटलांच्या घराच्या वाटेला लागला. मागून बापाचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता.

“पाहा गोमती, पाहा! जातो म्हणून तरी सांगते का!”